लाल दिव्याची वायर

सेलू,
ता. १८ ऑगस्ट १९८६

प्रिय सूर्यभान यास चंद्रप्पाचा सप्रेम नमस्कार.

तुझं कार्ड परवा मिळालं. 'येलदरी वीजघर वसाहत' हा पत्ता वाचायच्या आधीच अक्षर ओळखलं. तुझा 'र' अजून तसाच डावीकडं कलतो. उर्दू शाळेत आधी हात बसला त्याची ती खूण. माझी मी प्रयत्नाने घालवली, तू घालवली नाहीस.

आठ वर्षांत तू मला लिहिलं नाहीस, मीही तुला लिहिलं नाही. त्याबद्दल आज दोघांनीही काही बोलू नये असं वाटतं. तू कामाचं लिहिलंस, मी कामाचंच उत्तर देतो.

सुमेध बी.कॉम. झाला हे वाचून बरं वाटलं. मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा तो आठवीत होता. आबासाहेबांच्या जिनिंगवर काट्यासाठी कारकून पाहिजे, हे तुझ्या कानावर आलं ते खरं आहे. दसऱ्याला कापसाच्या गाड्या सुरू होतात. जुन्या कारकुनाला आता काट्यावरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून तो घरी बसला. गाडी तोलायची, वजन लिहायचं आणि शेतकऱ्याशी हुज्जत घालायची, एवढंच काम, पण कायमचं. माझा शब्द आबासाहेबांकडं चालेल का, असं तू विचारलंस. चालेल. कसा, ते सांगतो.

आबासाहेब आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि यंदाचा देखावा त्यांनी माझ्यावर सोपवलाय. देखावा चित्रगुप्ताच्या दरबाराचा आहे. सात फुटी चित्रगुप्त, कागदाच्या लगद्याचा, तोंड मी स्वतः घडवलं. त्याच्या हातात वही उभी धरलेली आहे, पण पानाच्या जागी आरसा. गणपतीचं दर्शन झालं की माणसं ओळीनं इकडं येतात. वहीत बघितलं की प्रत्येकाला आपलंच तोंड दिसतं. चित्रगुप्ताचे डोळे त्याच्याकडं वळतात आणि मुकुटातल्या तीन दिव्यांपैकी एक लागतो. हिरवा सज्जनाचा, पिवळा चालू माणसाचा, लाल लबाडाचा.

यातली गोम आबासाहेब सोडून कुणाला सांगितलेली नाही. तू वीजवाला, म्हणून तुला सांगतो. तो आरसा निम्माच आरसा आहे. काचेला कलई चढवताना हात पातळ ठेवला. पुढं झगझगीत उजेड आणि मागं काळोख असला की पुढच्याला तो आरसा वाटतो आणि मागच्याला साधी काच. चित्रगुप्ताच्या पोटात स्टूल टाकून मी बसणार, हाताशी घंटीची तीन बटणं. औरंगाबादेत कुणी असं केलं असेल तर मला दाखवावं. मला हे कुणी शिकवलेलं नाही. काचा वाया घालवून शिकलो.

आणि दिवा मी मनाला येईल तसा लावणार नाही. हकीमसाहेबांच्या ओट्यावर बसून आपण कयाफ्याची किताब वाचायचो, आठवतं? कपाळ, भुवया, नाक, कानाची पाळी बघून माणसाची फितरत सांगणारी? तू टिंगल करायचास. 'चंद्र्या, किताबात बघ, हकीमसाहेबांच्या भुवया जुळल्यात, म्हणजे हे डाकू हायेत.' मी मात्र ती विद्या सोडली नाही. आयुष्यभर लोकांच्या तसबिरी मढवल्या. चेहऱ्यांशिवाय मी दुसरं पाहिलंय काय?

आबासाहेबांना हे ठाऊक आहे. ते म्हणाले, "चंद्रप्पा, काट्याला ज्यांनी ज्यांनी अर्ज केलाय त्यांना पाचव्या दिवशी मंडपात दर्शनाला बोलावतो. मी तुझ्याशेजारी बसतो. तू तोंडं बघून सांग." उमेदवारांना यातलं काही माहीत नाही. तुझ्या मुलाला माहीत असेल. एवढी सवलत मी मैत्रीखातर घेतो. त्याला पाचव्या दिवशी पाठव.

तुझा
चंद्रप्पा

ता.क. चन्नबसम्मा म्हणते, पोराला सांगा, दुपारी आमच्याकडं जेवायचं. 'आठ सालांचं राहिलेलं एका ताटात थोडंच वाढता येतंय,' असंही म्हणाली. हे लिहू नका म्हणाली होती.


सेलू,
ता. १३ सप्टेंबर १९८६

प्रिय सूर्यभान,

सुमेध सुखरूप पोचला असेल. परवा जे झालं ते त्यानं सांगितलंच असेल. पण तो काचेच्या पुढं होता आणि मी मागं. पुढच्याला कारण दिसत नाही, म्हणून मी लिहितो.

दुपारी तो आला. मोठा देखणा झालाय. त्याला स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी, माझ्या पंगतीत बसवलं. चन्नबसम्मानं धपाटे केले होते, वर शेंगदाण्याची चटणी आणि दही. ती म्हणाली, "लाजू नगं, तुझा बाप तर ताट उचलून आत यायचा, 'वहिनी, अजून एक' म्हणत." सुमेध हसला आणि त्यानं अजून एक घेतला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. आबासाहेब कुठं बसतील, माझं स्टूल कुठं आहे, काचेत माझे डोळे कोणत्या उंचीवर येतात. म्हणालो, तू फक्त वहीत सरळ बघ, हिरवा लागेल.

आणि लागला लाल.

लोक हसले. तिथं हसायचंच असतं. लाल लागला की पोरं शिट्ट्या मारतात, 'लबाड, लबाड' म्हणत टाळ्या देतात, लाल लागलेलाही हसतो आणि पुढं जातो. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, हे सुमेधला सांग.

कारण असं आहे. देखाव्याची वीज मी मुद्दाम लायनीवरून घेतली नाही. इथं संध्याकाळी कधी जाईल याचा नेम नाही. ट्रॅक्टरची बॅटरी लावली आणि मोटारीचे छोटे बल्ब. प्रत्येक बटणाला दोन पितळी स्क्रू आहेत. पाच दिवस सारखं दाबून लाल बटणाचा खालचा स्क्रू ढिला झाला होता. सुमेध वहीपुढं आला त्याच वेळी त्या स्क्रूतली वायर निसटली आणि लाल दिवा आपोआप लागला. माझं बोट हिरव्या बटणावर होतं. पण दोन दिवे एकदम लागले असते तर देखाव्याचा विचका झाला असता, म्हणून मी ते दाबलं नाही.

आबासाहेबांना मी तिथल्या तिथं सांगितलं की ही वायरची चूक. ते 'बरं बरं' म्हणाले. काटा त्यांनी त्यांच्या मेव्हण्याच्या मुलाला दिला आहे. बहुधा आधीच ठरलं असावं. मोठ्यांच्या मनातलं आपल्याला काय कळणार.

स्क्रू आता घट्ट केला. खाली नवीन वायसर टाकला.

सुमेध मंडपातून परस्पर स्टँडवर गेला. त्याची पिशवी आमच्याकडंच राहिली. ती जिंतूरच्या गाडीवरच्या कंडक्टरकडं देतो, तो ओळखीचा आहे. चन्नबसम्मा सारखी विचारतेय, पोरगं सांगून का गेलं नाही.

तुझा
चंद्रप्पा


सेलू,
ता. २१ सप्टेंबर १९८६

प्रिय सूर्यभान,

तुझं कार्ड आलं. आख्ख्या कार्डावर एक ओळ.

'वायर निसटली की दिवा विझतो, लागत नाही.'

मला पहिल्यांदा राग आला. वीजघरात नोकरी करतोस म्हणून मला वीज शिकवतोस, असं वाटलं. मग कागद घेतला आणि शॉर्ट कसं झालं असेल ते लिहायला बसलो. वायर निसटून खाली पडली, तिचं उघडं टोक दुसऱ्या स्क्रूला टेकलं, वगैरे. शेजारी आकृती काढली. आकृती सुबक आली. चन्नबसम्मा केव्हाची मागं उभी होती.

"काय काढायलाव?"

"सर्किट."

"खोटं बोलायला इतकी चित्रं लागतात व्हय?"

कागद फाडला. तर सूर्यभान, वायर निसटली नव्हती. माझं वायरिंग निसटत नाही. बटण मी दाबलं.

आता का दाबलं, ते सांगतो. त्यासाठी आधी लिंबाजीचं सांगावं लागेल. हा केळ्यांची हातगाडी लावतो, मंडपाच्या तोंडाशीच, मला रोज आत शिरताना बघतो. जिभेला हाड नाही. सातव्या दिवशी गाडी पोराकडं सोडून आला तसाच ओळीत उभा राहिला, घामानं निथळत. मी त्याला नेहमी बघतो, पण काचेतून कधी बघितला नव्हता. नाक फेंदारलेलं, भुवयांचं टोक खाली गेलेलं. मी लाल लावला. लोकांनी त्याची लय टर उडवली.

थोड्या वेळानं ओळीत पुन्हा एक माणूस आला. टोपी, सदऱ्याची वरपर्यंत लावलेली गुंडी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. चेहरा शांत. मी हिरवा लावला.

त्यानं टोपी काढली आणि मंडपाकडं तोंड करून ओरडला, "बघा रं, मी लिंबाजीच हाय. मघाशी लबाड होतो. त्या तिथं उदबत्तीची राख पडल्याली, ती फासली, तर सज्जन झालो." आणि मग चित्रगुप्ताच्या पोटाला तोंड लावून हळूच म्हणाला, "चंद्रप्पाशेठ, ही राख गावभर वाटा की. समदं गाव सुधरंल."

मंडप फुटेल असं लोक हसले. मी आतच बसून राहिलो. घामानं बोटं बटणांवर घसरत होती.

त्या रात्री ताटावर बसलो आणि आठवत गेलो. गंधवाला आला, हिरवा. बुक्का लावलेला आला, हिरवा. ठसठशीत कुंकवाची बाई आली, हिरवा. मोकळ्या कपाळाचा आला की मला त्याच्या कानाच्या पाळीत, हनुवटीत काहीतरी सापडायचंच. मी समजत होतो मी कपाळाची रुंदी मापतोय. मी कपाळावर काय लावलंय ते वाचत होतो. आमच्या घरात विभूती लावल्याशिवाय कुणी घास घेत नाही. तो डोळा लहानपणापासून तसाच घडलेला. हकीमसाहेबांची विद्या वर नुसती पांघरलेली.

सुमेधचं कपाळ मोकळं होतं. हात सवयीनं गेला. माझ्याकडून चूक झाली ती अशी. माझ्या विद्येत खोट होती आणि ती मला या वयात, केळीवाल्याच्या हातून कळली. ही काही लहान शिक्षा नाही.

हे लिहून मला पुष्कळ हलकं वाटतंय.

तुझा
चंद्रप्पा


सेलू,
ता. २९ सप्टेंबर १९८६

सूर्यभान,

तुझं उत्तर आलं नाही. उत्तर द्यावं असं मागच्या पत्रात काही नव्हतंही. 'हलकं वाटतंय' असं मी शेवटी लिहिलं होतं. ते पेटीत टाकून घरी आलो आणि वाटलं, पेटीत हात घालून परत काढावं.

लिंबाजीची गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर खरी. पण ती मी तुला सुमेधच्या पुढं आडवी धरायला सांगितली. सवयीनं हात जातो तो अनोळखी माणसावर. सुमेधला मी ओळखत होतो. दुपारी माझ्या शेजारी बसून जेवला होता. (त्याला स्वयंपाकघरात बसवलं, हे मी तुला मुद्दाम लिहिलं होतं. ते लिहावंसं वाटलं, यातच काय ते आलं.)

आता जसं झालं तसं लिहितो.

चित्रगुप्ताच्या पोटात एका माणसाची जागा, त्यात आम्ही दोघं. आबासाहेबांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. त्यांच्या तोंडाला जर्द्याचा वास. आधीचे तीन उमेदवार होऊन गेले होते, दोन पिवळे, एक हिरवा. हिरवा म्हणजे त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा. तो कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सुमेधला मी ओळीतच ओळखलं. पाय टाकायची तुझीच तऱ्हा, एक खांदा जरा पुढं. पांढरा सदरा, खिशाला पेन, केस ओले करून भांग पाडलेला. वहीपुढं येऊन उभा राहिला. दुसरी माणसं आपल्या तोंडाकडं बघतात, केस सारखे करतात, दात बघतात. त्यानं तसं काही केलं नाही. जिथं माझे डोळे येतात, दुपारी मीच त्याला फुशारकीनं सांगितलेल्या त्या उंचीवर, बरोबर तिथं बघितलं. आणि हसला. मला हसला.

आबासाहेब हळूच म्हणाले, "हा कुणाचा रं?"

माझ्या सूर्यभानचा. दोन शब्द होते, आणि ओठापर्यंत आलेले होते. पण त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या निवेदनावरून चौकात बाचाबाची झाली होती. मंडळाची पोरं मंडपामागं उभी राहून काय काय बोलायची, ते मी आत बसून रोज ऐकत होतो. ते बोलणं माझ्या दुकानाच्या दारात यावं असं मला वाटत नव्हतं. ज्यांच्या देवघरात माझ्या हातच्या तसबिरी आहेत त्यातला एक माणूस गुडघ्याला गुडघा लावून विचारतोय, आणि तो उद्या चारचौघांत म्हणेल, चंद्रप्पाचं तिकडं जाणंयेणं अजून हाय. एवढंच मनात आलं. याहून मोठं भय काही नव्हतं. कुणी मला मारणार नव्हतं, दुकान जाळणार नव्हतं.

मी म्हणालो, "ओळखत नाही."

ओळखत नाही म्हटल्यावर बोट हिरव्यावर राहीना. पण पिवळा होता, सूर्यभान. पिवळा लावता आला असता. रोज निम्म्या गावाला पिवळाच लागायचा, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मी लाल दाबला. माझं खोटं पक्कं दिसावं म्हणून.

दिवा मुकुटात, वर. तो कोणता लागला हे बघायला मान वर करावी लागते. लोक हसायला लागले तेव्हा त्यानं वर बघितलं आणि परत काचेकडं बघितलं, त्याच जागी. ओठावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. मी त्याच्यापासून हातभर होतो. मला तो दिसत होता आणि त्याला मी दिसत नव्हतो. त्याला तिथं दिसत होतं ते स्वतःचंच तोंड, आणि वर लाल उजेड.

आबासाहेबांना वायरचं काहीही सांगितलेलं नाही. तेही खोटंच लिहिलं होतं.

एक आणखी. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीनंतर, तू घर हलवलंस तेव्हा मी कुठं होतो, हे तू कधी विचारलं नाहीस. मी दुकानात होतो. फळ्या लावलेल्या होत्या आणि मी फटीतून तुझा ट्रक भरताना बघत होतो. तू एकदा दुकानाकडं बघितलंस. काचेमागं बसायची कला मी काचा वाया घालवून शिकलो असं तुला लिहिलं, ते बरोबर नव्हतं.

विसर्जनानंतर बक्षीस समारंभ झाला. देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. आबासाहेबांच्या हातून शाल, श्रीफळ. 'चंद्रप्पा, दोन शब्द बोला,' म्हणाले. मी ठरवून गेलो होतो. घरी आरशापुढं उभं राहून वाक्य पाठ केलं होतं. माइक हातात घेतला आणि मांडववाल्याचे आभार मानले, बॅटरी देणाऱ्याचे मानले, चित्रगुप्ताच्या दाढीसाठी ताग देणाऱ्या बाईचे मानले. खाली उतरलो. चन्नबसम्मा बायकांत बसली होती. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाली, "दाढीवालीचं नाव बरं ध्यानात राहिलं तुमच्या."

दुसऱ्या दिवशी जिनिंगवर गेलो. आबासाहेब एकटेच होते, खाटेवर. म्हटलं, "आबासाहेब, त्या दिवशीचा शेवटचा पोरगा..."

"सूर्यभानचा."

वाक्य त्यांनीच पुरं केलं.

"डोळे बापाचेच हायेत की. त्याला वळखायला तुझी काच कशाला पायजे?"

"मग मला विचारलंत कशाला?"

"तू काय म्हणतूस ते बघाया. मी त्या पोराकडं बघतच नव्हतो, चंद्रप्पा. तुझ्या तोंडाकडं बघत होतो." पानाचा डबा उघडला, बंद केला. "काट्यावर रोज गाडीवाले अंगावर येत्यात, वजन मारलं म्हणून. ह्या पोराच्या अंगावर तर दुप्पट येतील, का ते तुला ठावं हाय. तवा त्याच्या बाजूनं गावातलं कोण हुबं राहील? तूच त्याला वळखत न्हाईस म्हणलास. मग म्या कशापायी वळखू?"

त्यांना नाही म्हणायचं होतं आणि ते त्यांनी माझ्या तोंडून म्हणवून घेतलं. हे मला घरी आल्यावर कळलं. क्षणभर त्यांचा राग आला, आणि त्या रागानं बरं वाटलं. पण तोंड माझं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते, तेवढा वेळ मला होता.

सुमेधला काय सांगावं, हे तू ठरव.

चंद्रप्पा


सेलू,
ता. १५ ऑक्टोबर १९८६

चि. सुमेध यास,

जयभीम.

मी तुझ्या वडिलांना मोठमोठी पत्रं लिहिली. त्यांचं परवा कार्ड आलं. 'दिवा त्याला दाखवलास. पत्रं मला का लिहितोस?' खाली सही नाही. म्हणून हे तुला लिहितो.

ती पत्रं त्यांनी तुला वाचून दाखवली की नाहीत, मला माहीत नाही. नसतील तर एवढं पुरे. वायर निसटली नव्हती. तुझ्या चेहऱ्यात काही वाईट नव्हतं. कुणाच्याही चेहऱ्यात काय आहे ते मला वाचता येत नाही. आबासाहेबांनी तू कुणाचा असं विचारलं, मी ओळखत नाही म्हणालो, आणि लाल बटण दाबलं.

दसऱ्याला जिनिंगवर काट्याची पूजा असते. पहिली गाडी तोलायची, नारळ फोडायचा. ऑफिसातल्या लक्ष्मीची तसबीर मी मढवून दिली होती म्हणून मलाही बोलावणं होतं. गाडीवाले, हमाल, मंडळाची पोरं, सगळे होते. नवीन कारकून खुर्चीवर बसला होता. नारळ फुटल्यावर मी बोललो. माइक नव्हता, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागलं. म्हणालो, या जागेसाठी सुमेध म्हणून एक मुलगा आला होता. तो माझ्या मित्राचा, सूर्यभानचा मुलगा. मी त्याला लहानपणापासून ओळखतो आणि आबासाहेबांपुढं ओळखत नाही म्हणालो. त्याला लाल दिवा लावला तो खोटा होता.

एका गाडीवाल्यानं शेजारच्याला विचारलं, "कोण सूर्यभान?" तो म्हणाला, "येलदरीच्या वीजघरात हाय त्यो." आबासाहेब म्हणाले, "बरं, परसाद घ्या समद्यांनी." मग गाडी काट्यावर घेतली. मंडळाच्या पोरांनी पुढच्या देखाव्याचं काम दुसऱ्याला सांगितलंय असं कळतं. हे वाक्य मी आधी खोडलं होतं, मग पुन्हा लिहिलं. तुला वाईट वाटावं म्हणून नाही. काय झालं ते सगळं लिहायचं ठरवलंय, म्हणून.

त्यातून तुला काही मिळालं नाही. जागा गेली ती गेलीच. तू माझं बोलणं ऐकायला तिथं नव्हतास आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्या ते संध्याकाळपर्यंतही ध्यानात राहिलं नसेल. तुला हसलेली माणसं निराळी होती, ती मला आता कुठं सापडणार?

चन्नबसम्मा विचारते, पिशवी मिळाली का. तिनं आत धपाटे बांधून ठेवले होते. तिचं पत्र वेगळं येईल. मुलीकडून लिहून घेणार आहे, माझ्याकडून नको म्हणते.

तू यावंस असं मी म्हणत नाही. मीही बोलावल्याशिवाय येणार नाही. एकच गोष्ट राहिली. वहीपुढं उभा राहून तू माझ्याकडं बघून हसलास, तेव्हा त्याचं उत्तर द्यायला हवं होतं. ते आता देतो. मी तुला ओळखलं होतं, सुमेध. तू ओळीत होतास, वहीपर्यंत यायचा होतास, तेव्हाच.

चंद्रप्पा